रामाकोन्याच्या गॅसप्लांटातला सिरका

५ नोव्हेंबर १९८६, रामाकोना
दिवाळीच्या सुट्टीत सासरी. मामाजींच्या, म्हणजे सासरे नत्थूजींच्या, गोबरगॅस प्लांटातून निघणारी स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ काला, पाहिली. सारी खत म्हणून संत्र्याच्या बगिच्यात जाते. विज्ञानशिक्षकाच्या डोळ्यांना हे पाहवत नाही. तिच्यातल्या बॅक्टेरियांना गोड खायला दिलं, की ॲसिटिक ॲसिड तयार. म्हणजे सिरका, व्हिनेगर! मामाजींना समजावलं. म्हणाले, जवाईबापू, सुट्टीवर आले, आराम करा.
म्हणजे परवानगी.

६ नोव्हेंबर
ड्रममध्ये स्लरी, गूळ, गळालेली संत्री. अर्ध्या तासात लिटमस लाल! (संत्र्यानेही होतो. पण सगळं श्रेय संत्र्याला देणं बरोबर नाही.) उर्मिला म्हणाली, अहो, शेणातला सिरका खाईल कोण? बायकोला इंडस्ट्री समजावणं कठीण.

७ नोव्हेंबर
ड्रम लहान पडून राहिला. मामाजी सौंसरला गेले होते. चार टोपले संत्री आणि गुळाची अख्खी भेली थेट प्लांटात सोडली. विचारणार होतो, पण शोध कोणासाठी थांबत नाही.

९ नोव्हेंबर
गॅसच्या शेगडीची ज्योत अर्धी. उत्तम. बॅक्टेरिया गॅस करणं सोडून ॲसिड करून राहिले.

११ नोव्हेंबर, सकाळी ७
ज्योत नाहीच. प्रयोग शंभर टक्के यशस्वी. चहा नाही. उर्मिला बोलून नाही राहिली.

सायंकाळी
मामाजींनी श्रावण मिस्त्रीला बोलावलं. प्लांट त्यानेच बांधलेला. वास घेऊन म्हणे, मास्तर, प्लांट आंबला. मी म्हटलं, तेच तर पाहिजे होतं! कोणी हसलं नाही. सारं उपसा, ताजं शेण भरा, गॅसला महिना लागल, म्हणे. मामाजींनी मला बादली दिली.

१३ नोव्हेंबर
कालपासून उपसून राहिलो. सिरक्याचा वास येतो का, पाहिलं. शेणाचाच येतो. कंबर गेली.
उर्मिला आज बोलली. धुराने आईचे डोळे जाऊन राहिले होते, म्हणून बाबांनी हा प्लांट बांधला, म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली. मी कधी विचारलंच नव्हतं.
परसात सासूबाई चूल फुंकत होत्या. मी फुंकणी मागितली. खूप फुंकलं. पेटली नाही. पदराने डोळे पुसत त्यांनी फुंकणी परत घेतली. म्हणाल्या, बापू, तिकडे बसा, तुमाले धूर लागल.