उन्हावरची गिरणी सुनेच्या नावे

मी, प्रयागबाई सोपान मदने, वय अडुसष्ट, धंदा पिठाची गिरणी, राहणार लोणी भापकर, ता. बारामती, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. मला कुणी दमदाटी केलेली नाही आणि तशी छाती असलेला माणूस आमच्या घरात नाही. डिझेल इंजिनाने माझे कान अर्धे नेले, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. दळणातून सवडच मिळाली नाही.

१. राहते घर, मागचा गोठा आणि ओढ्याकडचे रान माझा मुलगा अविराज याला द्यावे. तो बारामतीला कंपनीत रोज जाऊन-येऊन कामाला आहे आणि मला सारखा म्हणतो, "आई, इकून टाक गिरणी अन् गप घरात बस." पोरगं मायेनं बोलतं, पण म्हणून ऐकलंच पाहिजे असं नाही. एक अट आहे. गोठा त्याचा, पण गोठ्याचे छप्पर गिरणीचे. त्यावरचे सोलर पॅनेल त्याने काढू नयेत, विकू नयेत, झाकू नयेत.

२. गिरणीची खोली, दगड, मोटर, पट्टा, वजनकाटा आणि सदर पॅनेल माझी सून प्रगती अविराज मदने हिच्या एकटीच्या मालकीचे राहतील. कारण लिहिते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको.

मालक गेल्यावर गिरणी माझ्या अंगावर पडली. बाया रानातून संध्याकाळी दळण आणायच्या आणि नेमका तेव्हाच विजेचा दाब उतरायचा. मोटर जळायची, नाहीतर वीजच जायची. मग इंजिन. ते हँडल मारून चालू करायचे. एकदा हँडल उलटे फिरले आणि माझे मनगट मोडले. दुसऱ्या दिवशी पाहते तर प्रगती पदर खोचून तेच हँडल धरून उभी. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. मी डोळे मिटले की हे हँडल कायमचे हिच्या हातात जाणार.

३. सदर इंजिन, हँडलसह, माझे दीर सावळाराम यांना द्यावे. त्यांचे इंदापूरला जनरेटरचे दुकान आहे. प्रगतीने सोलरचे नाव काढले तेव्हा ते आमच्या ओट्यावर चहा पीत म्हणाले, "वहिनी, मोठा जनरेटर घ्या. सूर्य काय तुमच्या घरी राबायला हाय व्हय?" तर भाऊजी, राबतोय. इंजिन न्यायला टेम्पो स्वतःचा आणावा. चहा मिळेल.

४. पॅनेलबाबत. प्रगतीचे आयटीआय झालेले आहे. तिने आधी पॅनेल घेऊ दिले नाहीत. म्हणाली, "आत्या, ही मोटर धा येळा जळून परत तारा भरल्याली हाय. नुसती वीज खाती. आधी दगडाला बेताची नवी मोटर बसवू, मग पॅनेल बी कमी लागत्याल." तसेच केले आणि तसेच झाले. बॅटरी घेतली नाही, दिवसाच दळायचे ठरवले. विजेचे कनेक्शन ढगाळ दिवसापुरते ठेवले आहे, ते तोडू नये.

आता फजितीही लिहिते. पॅनेल आधी गिरणीच्याच पत्र्यावर बसवले होते. गिरणीतून पीठ उडते हे सगळ्या गावाला ठाऊक, पण बसवणाऱ्यांसकट कुणाच्या डोक्यात आले नाही. पीठ वर जाऊन बसायचे, पहाटे दवात भिजायचे आणि उन्हात त्याची पापडी व्हायची. गिरणी कण्हायला लागली. प्रगती वर चढली आणि ओरडली, "आत्या, उलथनं द्या!" नंतर पॅनेल गोठ्यावर नेले. तरी ओल्या फडक्याने आठवड्याला पुसावे.

५. गिऱ्हाइकाबाबत. ऊन दिवसा आणि बाया दिवसा रानात. आपले पीठ आपल्या डोळ्यांदेखत पडेपर्यंत गिरणीतून हलायचे नाही, ही आमच्याकडची रीत. डबा गिरणीत टाकून जायचे कुणी नाव काढेना. गिरणी उन्हात तयार आणि दळण नाही, असे दिवस गेले. अविराज पॅनेल विकायचे बोलू लागला आणि मला पुन्हा हँडल दिसू लागले.

तेव्हा शेजारची बिस्मिल्ला सकाळी रानात जाताना गव्हाचा डबा ठेवून गेली. म्हणाली, "आक्का, मी काय थांबत न्हाय. सांजच्याला नेती." संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर पीठ काट्यावर ठेवले, चिमूटभर तोंडात टाकले आणि डबा डोक्यावर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर डब्यांची रांग होती. मी आत जाऊन रडले, हेही लिहून ठेवते. ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, म्हणून रीतीप्रमाणे तिला काही देता येत नाही. ती म्हणते, "दळण येळेवर द्या म्हंजे झालं."

६. इंजिन बंद झाल्यापासून मला चिमण्या ऐकू येतात आणि झोप लागते. प्रगतीच्या मनगटाची काळजी मिटली. मरणाची घाई नाही, पण आता भीतीही नाही.

७. शेवटचे. मी रात्री गेले तर सकाळी ओट्यावर कुणाचा डबा घेऊ नये. पण दिवसा गेले तर आधी रांगेतले डबे दळून घ्यावेत, मग मला उचलावे. मी थांबेन. बाया विश्वासाने टाकून गेलेल्या असतात, त्यांच्या घरी संध्याकाळी भाकरी झाली पाहिजे.

लिहून देणार: प्रयागबाई सोपान मदने (सही)

साक्षीदार: १. बिस्मिल्ला अल्लाबक्ष शेख (सही)
२. राजेश्वरी गोकुळ बारवकर (सही)

स्थळ: गिरणीचा ओटा, लोणी भापकर
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५, भर दुपार

सही करताना प्रगतीला हाक मारली होती. ती आली नाही. ऊन चांगले होते, गिरणी चालू होती.