स्कूटर सोडून माझी सर्व मिळकत

मी, नवसाबाई सावळीराम निरभवणे, चार वर्षांपासून कागदोपत्री नवसाबाई शेखर आहेर, वय ६७, धंदा घरच्या घरी धातूचे पार्ट पॉलिश करणे, राहणार द्वारका चौकाच्या मागे, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवते. मन ठिकाणावर आहे. आज सकाळी दाखला देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "शनिवार. दुपारी लाइट जाणार आहे, लवकर उरका, माझं काम पडलंय." त्यांनी हसत हसत सही केली. दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१) मशीन. माझे पहिले पती, कालकथित सावळीराम, सातपूरच्या एका कारखान्यात पॉलिश खात्यात होते. तिथली जुनी मोटर विकत घेऊन त्यांनी मागच्या शेडमध्ये बसवली, दोन्ही बाजूंना कापडी चाकं लावली आणि मला शिकवलं. ओरखडे आधी जाड पॉलिश पेपरने घासून काढायचे, मग बारीक, मग पाण्यात भिजवलेल्या अगदी मऊ पेपरने. मग चाकाला पॉलिशचा साबण लावून चमक आणायची, शेवटी कोरड्या मैद्याने पुसायचं. ते म्हणायचे, "नवसा, घाई केलीस की जुना ओरखडा चमकेतून वर डोकावतो." ते गेल्यावर याच मशीनवर मी संसार चालवला. नळाच्या तोट्या, दारांची हँडलं, बुलेटवाल्या पोरांची इंजिनची झाकणं, सगळी आरशासारखी करून दिली.

हे मशीन, चाकं आणि साबण माझी सून हर्षाली हिला द्यावे. ती बँकेत आहे, पण रविवारी शेडमध्ये उभी राहून साहेबावरचा आठवड्याचा राग चाकावर काढते. हात चांगला बसला आहे. हर्षाली, केस बांधत जा, ओढणी काढून ठेव आणि पार्ट चाकाच्या खालच्या अंगालाच धर. वरच्या कडेला लागला तर चाक हिसकावून फेकतं. शेडच्या पत्र्याला जे भोक आहे ते त्यामुळेच पडलं.

२) माझे दीर नवनाथ निरभवणे यांनी सावळीराम गेल्यावर त्यांच्या जलदानविधीला चारचौघांत म्हटलं होतं, "बाईमाणसाने मोटरीपुढे उभं राहू नये, मशीन विकून टाका." त्यांना माझा कामाचा अॅप्रन द्यावा. धुऊन देऊ नये.

३) घर. दोन खोल्या, शेड व वरची गच्ची, हे सर्व माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझा मुलगा दीपक याला मिळावे. परंतु माझे पती शेखर आहेर यांना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क असेल व त्यांना कोणीही बाहेर काढू नये. या कलमामागची हकीकत लिहिणे जरूर आहे.

शेखरराव आमच्या भिंतीला लागून राहायचे. एसटीतून निवृत्त, विधुर. एका उन्हाळ्यात ते ताट घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "अहो बाई, तुमच्या मशीनची काळी धूळ माझ्या कुरडयांवर बसली. बघा हे!"

मी ताट बघितलं आणि विचारलं, "या तुम्ही घातल्या?"

"मग कोण घालणार? मंडळी जाऊन पाच वर्षं झाली."

कुरडया काळ्याही होत्या आणि वेड्यावाकड्याही होत्या. मला हसू आवरेना. क्षणभर ते रागावले, मग तेही हसले. मी त्यांना घरच्या कुरडयांचा डबा दिला आणि शेडला पडदा लावला.

डबा परत करायला आले तेव्हा त्यात त्यांच्या बंद पडलेल्या स्कूटरची किक होती. "हिचं काही होईल का?" झालं. मग ब्रेकचे लिव्हर आले, मग पंख्याचं झाकण. एकेक पार्ट घेऊन यायचे, चहा घेऊन जायचे. वर्षभर असंच चाललं. एका संध्याकाळी रिकाम्या हाताने आले. म्हणाले, "नवसाबाई, सगळे पार्ट संपले. आता मीच आलो तर चालेल का?"

मी हातातलं काम पूर्ण केलं आणि मग हो म्हटलं.

४) दीपक गंगापूर रोडला राहतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "आई, या वयात? लोक तोंडावर हसतील. मी येणार नाही." तो आला नाही. हर्षाली आली. रजिस्टर लग्न झालं, घरी बुद्धवंदना झाली, शेखररावांनी त्यांच्या देवापुढे नारळ फोडला. दीपक सहा महिने माझ्याशी बोलला नाही. मी रोज चाकापुढे उभी राहून रडायचे. डोळ्यांत धूळ गेली असं शेखररावांना सांगायचे, आणि ते ऐकून घ्यायचे.

मग दुरुस्त करून घेतलेल्या त्या स्कूटरवर आम्ही इगतपुरीला गेलो आणि ती तिथेच बंद पडली. शेखररावांनी मला न विचारता दीपकला फोन लावला. तो हर्षालीला घेऊन गाडीने आला, तोंड फुगवून. आम्ही टपरीवर वडापाव खात हसत बसलो होतो. तो म्हणाला, "तुम्हाला काही वाटतं का?"

शेखरराव म्हणाले, "वाटतं ना, प्लग गेलाय असं वाटतं."

दीपकने खाली बसून प्लग काढला, पुसला, किक मारली. स्कूटर चालू झाली. मग तो तिच्याभोवती फिरून बघत राहिला. "आई, हे सगळं तू केलंस?" नाशिकपर्यंत स्कूटर त्यानेच आणली. आम्ही हर्षालीबरोबर गाडीत. त्यानंतर त्याचा एकही रविवार चुकलेला नाही.

स्कूटर शेखररावांची आहे. ती कोणाला द्यायची हे ते ठरवतील.

५) कलम तीन मी गेल्या रविवारी दीपकला वाचून दाखवलं. तो उठून उभा राहिला. "हे काढ. मी काकांना घराबाहेर काढीन असं तुला वाटतं?"

वकील चैतालीताई म्हणतात कलम असावं, म्हणून ते काढलेलं नाही. पण दीपकने ते काढायला सांगितलं, हे इथे लिहून ठेवते.

६) माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावेत. आलेल्यांना बसवून चहा द्यावा.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. ज्यांना लाभ आहे त्यांना वकीलबाईंनी बाहेर बसवलं आहे. बाहेर स्कूटरचा कार्बोरेटर उघडलाय. "काका, उलटा बसवताय!" "अरे, तुझ्या जन्माआधीपासून बसवतोय!" असं ऐकू येत आहे. अशा गोंगाटात, सुखाने, सही केली.

ठिकाण: नाशिक
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

सही: नवसाबाई शेखर आहेर

साक्षीदार:
१. लताबाई पगारे, समोरच्या घरात राहणार
२. संघर्ष गांगुर्डे, गॅरेजवाले