आज खायचं का उद्या?

मंगळवार, १४ ऑक्टोबर. लातूर.

‘दोन दिवसांत दहा ठिकाणं’ हा मजकूर उद्या संध्याकाळी पुरवणीला द्यायचाय. आज दिवसभरात झालं एकच, उदगीरचा किल्ला. बाहेर सीताफळं विकणाऱ्या प्रयागबाईंनी मला ओळखलं.

“मागल्या साली तुमीच न्हवं का, ताई? गाडी चालूच हुती. आज खायचं का उद्या, इचारलं, तर तुमी म्हणला, कोणतंबी द्या.”

खरंय. ती फळं कच्ची निघाली, मी फेकून दिली. तेव्हाच्या यादीत किल्ल्याला वीस मिनिटं लिहिली होती.

आज एसटीनं गेले. परतीच्या गाडीला चार तास होते, म्हणून त्यांच्या टोपलीशी बसले. फळाचे डोळे उघडले की ते आजचं, मिटलेले असले की उद्याचं. वर निघाले तर म्हणाल्या, “आत्ता दगूड भाजून राहिलाय. उन्हं कलू द्या.” कलू दिली. मागच्या वेळी बुरुजावर मी पाच मिनिटं तरी थांबले होते का?

आल्यावर संपादकांना फोन केला. एकच ठिकाण देते म्हटलं.

“मॅडम, वाचकाला यादी लागते. नाहीतर सदर दुसऱ्याला द्यावं लागेल.”

“द्या. पण आधी माझं वाचा.”

सदर जाईलही. वीस वर्षांत मजकूर कधी चुकवला नाही, हाही वेळेवर जाईल. एकाच ठिकाणाचा.

टेबलावर उद्याचं सीताफळ आहे. आत्ताच दाबून पाहिलं, घट्ट आहे. लिहून होईपर्यंत पिकेल.