ताईचा बर्फ, फुलसिंगचं लग्न

पांढरकवडा, हायवेवरच्या ढाब्यावरून
शनिवार

माझ्या एकुलत्या एक शिकलेल्या रुपालीताईस, काकाच्या बिनकामाच्या पोराचा, धम्मरत्नचा, वाकून जय भीम.

तुझी तब्येत ठीक असेल असं लिहिणार होतो, पण ठीक नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून ते राहू दे. माझी बरी आहे (सांगायला लाज वाटते, वजनसुद्धा वाढलं). हे पत्र मी कधीचा लिहून राह्यलो. एकदा कागद नव्हता, एकदा हैदराबादचा ट्रक ढाब्यासमोर पंक्चर झाला अन् मी जॅक धरायला गेलो, एकदा सगळं होतं तर हिंमत नव्हती. फोनवर तू 'बोल न धम्म्या' म्हणतेस, अन् मी पावसापाण्याचं बोलून ठेवून देतो.

पण काल तुझ्या खोलीतल्या सुरभीचा फोन आला. म्हणाली, ताई जेवत नाही, पेशी मरून नाही राह्यल्या म्हणून रडते, माझेच हात बिघडले म्हणते, अन् सोमवारी गाईड मॅडमला संशोधनाचा विषय सोडते म्हणून सांगणार आहे. ताई, तुझे हात चांगले आहेत. प्रथिन बिघडलं, अन् ते मी बिघडवलं.

आता ते कसं, तर नागपुराहून तुझी पेटी घेतली तेव्हा मी खरंच सुधारलेला होतो. पेटी मांडीवर, तिच्यात ड्राय आइस, म्हणजे पाणी न होता धूर होऊन उडणारा बर्फ, त्याच्या पोटात तुझ्या प्रथिनाची ती इवलीशी नळी. मागं तू समजावलं होतं, की माणसाच्या प्रथिनाची कृती जिवाणूच्या पोटात घालायची, तो बिचारा आपल्या घरचंच समजून ते रांधतो, अन् मग आपण ते काढून घेतो. (मी म्हटलं, ही तर फसवणूक झाली. तू किती हसली होतीस.) ते पेशींवर टाकलं की त्या सुजतात, मरतात, अन् कोणत्या वाटेनं मरतात हे कळलं की ती वाट अडवता येते. मला एवढं समजलं होतं. म्हणून तर जास्त वाईट वाटते.

यवतमाळ वाटेत लागलं, हे कबूल. पण तुझं कॉलेज स्टँडच्या एका अंगाला अन् दिग्रसची गाडी दुसऱ्या अंगाला उभी होती, अन् त्या दिवशी माझ्या दोस्ताचं, आपल्या फुलसिंगचं, दिग्रसजवळ तांड्यावर लग्न. पेटीवर लिहिलं होतं की बर्फ उद्यापर्यंत टिकतो. म्हटलं, अक्षता टाकू, सकाळी पेटी देऊ.

तुला माहीत आहे, आता लग्नात नवरा-नवरी धुरातून चालत येतात. (ढगातून उतरल्यासारखे. पूर्वी बैलगाडीतून उतरत, तेव्हा संसार काही वाईट होत नव्हते.) धूरवाल्यानं बर्फ बरोबर आणला होता, पण वरात इतकी नाचली, इतकी नाचली, की ती मांडवात येईपर्यंत त्याचा बर्फ हवेत उडून गेला. नवरी रुसून कमानीखाली उभी. फुलसिंग फेट्यासकट माझ्याजवळ आला, "धम्म्या, तुयाजवळ तं बर्फ हाये बे! इज्जत वाचव." मी म्हटलं, तो सूज अन् मरणाचा बर्फ आहे. तो म्हणे, "मंग माह्या सासऱ्याचं तोंड पाय, त्याले सूज अन् मरण दोनी यायचंच बाकी हाये."

दिला मी. धूर असा झाला म्हणून सांगू ताई, नवरी हसली, सासरा हसला, मी तर पेटी डोक्यावर घेऊन नाचलो. मग नळी आठवली. आतलं प्रथिन पाण्यासारखं पातळ झालेलं. मी ती कुल्फीवाल्याच्या मटक्यात मिठाच्या बर्फात खोचून ठेवली. थंड ते थंड, असं मला वाटलं; एकदा वितळलेलं प्रथिन पुन्हा गोठवलं तरी बिघडलेलंच राहते, हे मागून कळलं. सकाळी ती दगडासारखी घट्ट, त्याच बर्फात यवतमाळला आणून तुझ्या दारात पेटीत ठेवली, तू पाहिलीस अन् म्हणालीस, बर्फ संपला पण नळी गोठलेली आहे, शाब्बास. अन् पाठीवर थाप मारलीस. ती थाप अजून दुखते.

तुझा,
धम्मरत्न

ता.क. खरी विनंती ही, की मॅडमला माझं नाव सांगू नको. 'कुणीतरी कुरिअरवाला' म्हण.

ता.क. दुसरा. हे पत्र टपालानं सोमवारच्या आत पोचत नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. म्हणजे मी कसा आहे ते तू समज.

ता.क. तिसरा. थांब. यवतमाळच्या गाडीतून मोठी आई उतरून राह्यली! तुझी आई, जी गाडी लागते म्हणून दिग्रसच्या पुढं कधी जात नाही. फुलसिंगकडं लग्नाचा व्हिडिओ पाहून आली म्हणते. "रुपीची पेटी डोक्यावर घेऊन नाचणारा तूच न रे? पोरगी तिकडं सोताले दोष देऊन राह्यली, अन् तू इथं कागद कायले खराब करतं? उठ." तिनं कॉलर धरली आहे, म्हणून अक्षर वाकडं येते. तिकीट लावायचं काम उरलं नाही. ती म्हणते, हे पत्र मीच मॅडमसमोर उभं राहून वाचायचं, मोठ्यानं, ता.क.सकट.