नायलॉनच्या कपड्यात आई

आप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण काढून मी रडले, कधी हसलेही, पण तुमच्यावर चिडले नव्हते. गेल्या महिन्यात चिडले, आणि तो राग काही केल्या उतरत नाही.

तुमच्या नातीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, आजीच्या पंचाहत्तरीसाठी दोन दिवसांचं रिसॉर्ट बुक केलं. मी म्हणत होते, घरी पुरण घालू, चार माणसं बोलावू. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरीपुढं माझ्यासारख्या भूमच्या मास्तरणीचं कोण ऐकतं! जळकोटच्या पुढं, हायवेला, जिथं नुसती कुसळं उगवायची त्या माळावर आता कुठल्याशा समुद्रातलं बेट उभं केलंय. प्लास्टिकची नारळाची झाडं, झावळ्यांच्या झोपड्या, त्यात एसी. फांदीवर पाखरू एक नाही, स्पीकरमधून मात्र दिवसभर पोपट ओरडतात. दारातच एका मुलीनं आमच्या गळ्यात कागदी फुलांच्या माळा घातल्या आणि परदेशी भाषेत काहीतरी म्हणाली. आईनं तिला हात जोडले आणि मला विचारलं, "कुणाचा सत्कार हाय गं?" मागोमाग वॉचमननं पिशवी तपासून आईनं पहाटे उठून केलेले धपाटे काढून घेतले. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. मी पंधरा मिनिटं भांडले. तुमचे जावई तेवढा वेळ आपण या बाईला ओळखतच नाही अशा चेहऱ्यानं नारळ न्याहाळत होते. आतलं जेवण म्हणजे अननस घातलेला भात. आईनं एक घास घेतला आणि ताट हळूच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्यापाशी गेलो. गोल फिरणारा एक कालवा केलाय, त्यात लोक रबरी चाकात बसून वाहत राहतात. आई खुर्चीवर बसून बराच वेळ बघत होती. मग एकदम म्हणाली, "म्या उतरते." काठावरच्या माणसानं शिट्टी वाजवून सांगितलं, साडी चालणार नाही, नायलॉनचेच कपडे लागतील. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, "चल आई, चहा घेऊ." तर ती पोरीकडं वळून म्हणते, "ती कापडं कुठं मिळत्यात?" मी अडवायच्या आत दोघी गेल्यासुद्धा. दहा मिनिटांनी आई बाहेर आली ती गुडघ्यापर्यंतच्या काळ्या कपड्यात, डोक्याला रबरी टोपी. मी मान फिरवली. पुन्हा वळून पाहते तर आई नाही. पाण्यात नुसती एक गोल लाट. मी किंचाळले, शिट्टीवाला धावला, आणि तेवढ्यात वीसेक फुटांवर ती टोपी वर आली. आई हात मारत कालव्यावरच्या पुलापर्यंत गेली, वळली, उताणी झाली आणि पाण्यावर पडून राहिली, घरी बाजेवर पडते तशी.

काठाला आली तेव्हा मी रागानं विचारलं, "तुला पोहता येतं?"

"व्हय. माहेर सीनेच्या काठाला. पावसाळ्यात म्हशीमागं पल्याड जायची की म्या."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"लगीन झालं अन् सोडून दिलं. बोलायचं काय त्यात?"

"आप्पांना ठाऊक होतं?"

"ठाऊक हुतं की. नव्यानव्यात एकदा म्हणले, तू हिरीत उतरू नगंस, लोकं काय म्हणतील." एवढं सांगून ती पुन्हा पाण्यात गेली. तक्रार नव्हती आवाजात. नव्हती, म्हणूनच मला जास्त लागलं.

मला आठवतं, मी नऊ वर्षांची आहे. परंड्याचा आपला मळा, मे महिन्याची सुट्टी. तुम्ही पोरांच्या पाठीला पत्र्याचे डबे बांधून एकेकाला विहिरीत ढकलताय. अर्ध्या गावाला पोहायला तुम्ही शिकवलंत. मी फ्रॉकला गाठ मारून चौथ्या पायरीपर्यंत उतरते. तुम्ही न बघताच म्हणता, "वर हो. पोरीच्या जातीनं हिरीत उतरायचं नसतं. जा, आईला हातभार लाव." आई काठावर दगडावर धुणं आपटत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. मला वाटायचं, तिला पाण्याची भीती वाटते. आप्पा, त्या विहिरीवर तुमच्याइतकंच चांगलं पोहणारं माणूस कपडे धूत बसलं होतं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं! पुढं मला सायकल घेऊन दिलीत तीही तुम्हीच. गावात सायकलवर शाळेला जाणारी पहिली मुलगी मी. लोक बोलले तेव्हा "बोलू द्या" म्हणालात. मग हे सायकलला बोलणारे लोक वेगळे आणि विहिरीला बोलणारे वेगळे, असं होतं का? मला तुमचा हिशेबच लागत नाही. तुम्ही वाईट असता तर सोपं गेलं असतं.

आई त्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यात होती. शिट्टीवाला शेवटी तिच्याशी गप्पा मारायला लागला. पोरीनं तिचा फोटो काढला, टोपी, ओलं तोंड, पुढचे दात नसलेलं हसू, आणि घरच्या ग्रुपवर टाकला. मी पोरीवर सगळ्यांसमोर ओरडले. म्हणाले, आधी काढून टाक तो, काकू बघतील, लोक काय म्हणतील. तिनं तो काढून टाकला. आई शेजारीच केस पिळत उभी होती. 

हे पत्र कुठं टाकायचंय मला! वहीतच राहील. फक्त एक सांगते. परवा आईनं विचारलं, "त्यो फोटू हाय का गं तुझ्याकडं?" मी म्हणाले, पुसला गेला. ग्रुपवर आला तेव्हाच आपोआप उतरलेला तो माझ्या मोबाईलमध्ये आहे, आप्पा. तिला अजून दाखवलेला नाही.