भिंतीकडेचा बर्फ

बाई, तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी चैत्रातल्या कोरड्या दुपारी धुळ्याची आपली शाळा डोळ्यांपुढे हळूहळू पांढरी होत जाते. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. बर्फ आमच्यातल्या बहुतेकींनी गोळ्याच्या गाडीवरच पाहिलेला. हिमनदीचा धडा आला तसं तुम्ही पुस्तक मिटलंत आणि सगळ्या वर्गाला शाळेची इमारत आणि कुंपण यांच्यामधल्या अरुंद बोळात नेलंत. लहानपणीच्या तापानं माझा डावा पाय वाळलेला. खेळ म्हटला की मी व्हरांड्यात बसायची. त्या दिवशीही तशीच तिकडे निघाले.

"तू कुठे चाललीस?"

"बाई, माझा पाय..."

"भिंतीला लागून उभी राहा. कडेच्या बर्फाला डोंगर धरून ठेवतो, म्हणून तो मागे राहतो. मधला पुढे सरकतो. तू मागे राहिली नाहीस तर माझी नदी खोटी ठरेल."

मग तुम्ही एकेकीला आत ढकलता आहात. "हिमावर हिम पडतं, खालचं दबतं, त्यातली हवा निघून जाते, त्याचा बर्फ होतो. अजून चिकटा!" आमच्या ओंजळीत तुम्ही उचलायला लावलेले खडे, हिमनदी वाहून आणते ते दगड म्हणून. मागून भार येतो आणि आम्ही सगळ्या एका अंगानं सरकू लागतो. पाणी भरणारी मावशी घागर घेऊन थबकते. "बाई, या बठ्ठ्या पोरी काय करी राह्यन्यात?"

"नदी शे ही, मावशी."

"नदी? मंग पानी कोठे शे?"

"पुढे उन्हात." तुम्ही हसता. माझा तळहात भिंतीवरून घासत जातो, चुन्यानं पांढरा होतो. तो तुम्ही वर धरून सगळ्यांना दाखवता. "बघा, डोंगर असा झिजतो. दरी अशी रुंद होते." बोळ संपतो, ऊन लागतं. "वितळा! आणलेले दगड इथेच टाका." आम्ही खडे सोडून मातीत बसतो. माझ्या दोन्ही बाजूंना मुली आहेत, कुणाचं तरी डोकं माझ्या खांद्यावर आहे. असं आधी कधीच झालं नव्हतं.

पुढे मीही भूगोलच शिकवला. निवृत्तीनंतर भाचीबरोबर हिमालयात गेले, तेव्हा लांबच्या वळणावरून खरी हिमनदी दिसली. करडी, दगडांनी माखलेली, निश्चल. "मावशी, ही तर जागची हलतही नाही!" भाची म्हणाली. "चालते गं," मी म्हणाले, "मी तिच्यातून चाललेय." ती हसली. मला मात्र तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून आज हे लिहायला बसले. पाकीटही आणलं होतं, उगाच. ते कोरंच राहणार. आम्ही जन्मभर नुसतं 'बाई' म्हणत आलो. तुमचं नाव मला ठाऊक नाही.