‘मी’खालचे ठिपके

सोमवार, ३ ऑगस्ट

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी आज पुन्हा विद्यार्थिनी झाले. तत्त्वज्ञान आणि धर्म-अध्ययन, एम. ए., पहिले वर्ष, हजेरीत बारावी. निघताना लेकीने दारातूनच बजावले की डबा संपव, मागच्या बाकावर बसू नकोस, आणि घरी येऊन आम्हाला अक्कल शिकवू नकोस. नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. बावीस वर्षे मी छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासली. आता स्वतःचे काहीतरी लिहायचे, एवढाच हट्ट.

आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. एक लांब टेबल, भोवती चौदा खुर्च्या. बारा आमच्या, एक सरांची, आणि दाराकडच्या टोकाला एक रिकामी. मी तिच्यावर पिशवी ठेवली तर शिपाईकाका धावतच आले. ती म्हणे ‘समोरच्यांची’. समोरचे कधी येतात, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, येत नाहीत म्हणूनच तर जागा धरावी लागते. मला फार हसू आले.

बुधवार, ५ ऑगस्ट

खुर्चीचा उलगडा झाला. ती वादातल्या विरोधी बाजूची. इथे कुठलेही मत खोडून काढण्याआधी ते समोरच्याच्या बाजूने मांडावे लागते. तो पूर्वपक्ष. तो इतका प्रामाणिक हवा, की समोरच्याने आपणहून खाली सही करावी. म्हणून कागदाच्या तळाशी ‘मान्य’ लिहून एक रेघ ओढायची. सही अर्थात वर्गातलाच कुणीतरी करतो. खुर्चीतून आजवर कुणी केली नाही, असे सर हसत म्हणाले.

चिठ्ठ्या उचलल्या. मला आलेले मत असे, की ‘मी’ नावाचे काही नसतेच, ती नुसती बोलण्याची सवय आहे. शेजारची मुलगी म्हणाली, काकू मजा आहे तुमची, नापास व्हायला कुणी उरणारच नाही.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

पूर्वपक्ष दिला. पाच पाने. मी एकही पळवाट ठेवली नाही. सगळ्यात बिनतोड मुद्दा छापखान्यातूनच मिळाला. ‘मी पत्र लिहिले’ यातला ‘मी’ काढा. ‘पत्र लिहिले’ उरते, आणि कुणाचेही अडत नाही. बावीस वर्षांत असे हजारो ‘मी’ मी फालतू म्हणून काटले. एकाही लेखकाची तक्रार आली नाही.

लिहिताना हात थांबत नव्हता. हा प्रामाणिकपणा होता की मिरवणे? समोरच्याला मी गरजेपेक्षा जास्त तर दिले नाही ना?

सोमवार, १७ ऑगस्ट

कागद परत मिळाला. ‘मान्य’पुढच्या रेघेवर सही आहे.

वर्गातले कुणीही कबूल होईना. शिवाय ते नाव नाहीच. एक वेटोळे आणि त्याला शेपूट. ‘हे काढून टाका’ असे सांगायला आम्ही समासात करतो ती खूण. शेपूट डावीकडे वळलेले. छापखान्यात तसे फक्त मी वळवायचे.

सरांना वाटले, मीच केली. आपली आपण सही केल्याचे गुण मिळत नाहीत, असे ते म्हणाले. मग त्यांनी डोकी मोजली. अकरा. मी हात वर केला तेव्हा दचकले आणि माफी मागितली.

मंगळवार, १८ ऑगस्ट

याच वहीतली मागची पाने. प्रत्येक ‘मी’ काटलेला. समासात तीच खूण.

लेकीला विचारले तर ती भडकली. तुझ्या वहीत वाचण्यासारखे असते तरी काय, म्हणाली. खरे आहे.

चुकून काटलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे, असा आमचा नियम. मी लाल पेन घेतले आणि एकेका ‘मी’खाली ठिपके दिले. एकही सोडला नाही. कर काय करायचे ते.

बुधवार, १९ ऑगस्ट

सकाळी उठणे झाले. डबा भरला. बस मिळाली. हजेरी झाली, अकरा. कुणी दचकले नाही, कुणी पुन्हा मोजले नाही. दुपारी घर. टेबलावर दोन ताटे.

वर लिहिलेले वाचले. त्यात एकही ‘मी’ नाही. काटलेला नाही. लिहिलेलाच नाही. माझ्या हाताने —

दुपारी लेकीने दार उघडले तेव्हा जरा वेळ बघत राहिली. मग अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, बसा ना, आई येईलच एवढ्यात.

माझ्या लेकीने मला ‘बसा’ म्हटले.

गुरुवार, २० ऑगस्ट

रडून झाले. आता उत्तर. उद्या वर्गात खंडन वाचायचे आहे, आणि मला ते सापडले आहे.

‘पत्र लिहिले’ यात लिहिणारी लपते. कबूल. पण ‘आले’ म्हण. ‘उठले’ म्हण. ‘बसले’ म्हण. दुसरी कुणी असती तर ‘आली’, ‘उठली’, ‘बसली’ झाले असते. ‘मी’ काटलास तरी शब्दाच्या शेवटाला मी उरतेच. एकटी, बाई, आणि हजर. तेवढे काटून दाखव.

लेक मला परत हवी आहे. सोडणार नाही.

शुक्रवार, २१ ऑगस्ट. वर्गात, सकाळी अकरा

माझ्या खुर्चीत कुणीतरी आहे. माझी पिशवी. माझी बाटली. माझे लाल पेन. सरांनी मोजले — बारा. खूश झाले.

रिकामी एकच. त्यातच बसले. गादी उबदार आहे. आत्ताच कुणीतरी उठल्यासारखी.

मी पेन्सिलीने लिहिते आहे. माझ्या खुर्चीतली वाचते आहे. खंडन नाही, पूर्वपक्ष. माझीच पाच पाने, माझ्याच आवाजात. शेजारची मुलगी मान डोलावते —

संपले. सरांनी गमतीने कागद माझ्या टोकाकडे सरकवला. ‘मान्य’. पुढची रेघ कोरी. सही गेली आहे.

म्हणजे माझी हवी आहे. समोरच्याला माझी सही हवी आहे!

नाही करणार.

पेन्सिल आपोआप वेटोळे — नाही. थांब. हात माझा आहे.

अमान्य. लिहिले. ठिपकेही दिले. आता मोठ्याने सांगणार, सगळ्यांदेखत. मी आले. मी बसले. मी उठ—